वळच्या जोमाने डिझेल चोरलं नव्हतं

आमच्या गावच्या उत्सवाचा अंक काढणारी मुलं यंदा घरी आली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या धुराच्या गोष्टी लिहून द्या." मी देतो म्हटलं. आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे गोष्टींना तोटा नाही. निघताना त्यांच्यातला एक जण उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आणि ती वळ गावच्या डिझेलचोराची नक्की घ्या हां. नुसता धूर बघून तुम्ही चोर पकडलात ती. आमचे बाबा अजून सांगतात."

मुलं गेली. ही गोष्ट मी स्वतः कधी कोणाला सांगितलेली नाही. पण कोणी सांगत असलं तर थांबवलंही नाही. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी चहाच्या कपात बघायचो. आता ती छापून येणार म्हणतात. तेव्हा मीच लिहितो, आणि झाली तशी लिहितो. वळच्या जोमाने डिझेल चोरलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे कोणी अर्ध्यातच पान उलटलं तरी तेवढं वाचून झालेलं असेल.

माझं गॅरेज भिवंडीजवळ राहनाळला होतं, गोदामांकडे वळणाऱ्या रस्त्याला लागून. गॅरेज कसलं, चार खांब, वर पत्रे आणि तेल पिऊन काळी झालेली जमीन. ट्रक, टेम्पो यायचे आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांतले जनरेटर बघायला मला बाहेर जावं लागायचं. माझं नाव झालं ते धुरामुळे. गाडी रस्त्यावरून आत वळताना मी सायलेन्सरकडे बघायचो आणि ड्रायव्हर उतरायच्या आत काय बिघडलंय ते सांगायचो. यात जादू काही नाही. ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

निरोगी डिझेल इंजिन भाराखाली थोडा फिकट राखी धूर टाकतं, तोही धड दिसत नाही. धूर काळा आला की समजायचं, डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. चूल पेटवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. लाकडं कोंबली आणि वारा जायला वाट ठेवली नाही, तर घर काळं होणारच. धूर निळा आला तर इंजिनचं ऑईल जळतंय. त्याला कढईत तेल करपल्यासारखा वास येतो. रिंगा झिजलेल्या असतात, नाहीतर व्हॉल्व्हच्या बाजूने ऑईल उतरत असतं. आणि पांढरा धूर म्हणजे पाणी, नाहीतर न जळता बाहेर पडलेलं डिझेल. डोळ्यांना झोंबला तर डिझेल, नाही झोंबला आणि पुढे धरलेला हात ओला झाला तर पाणी. एवढंच शास्त्र. बाकी सगळं माणसांशी बोलून कळतं.

अकलोलीचा एक टेम्पोवाला होता, काशिनाथ. त्याची गाडी पांढराशुभ्र धूर टाकत आली. मी हात धरला, ओला झाला. पाणी आत शिरत होतं, म्हणजे हेडचं, इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पाणी अडवणारं गॅस्केट गेलेलं. पण महिन्या-दोन महिन्यांनी तोच टेम्पो पुन्हा तसाच आला. तेव्हा मात्र मी त्याला स्टुलावर बसवला.

"काशिनाथ, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालतोस?"

"घरचंच."

"घरचं म्हणजे नळाचं?"

"नाय, कुंडाचं."

"गरम पाण्याच्या कुंडाचं?"

"तर! लोक गुडघे धरून लांबलांबून येतात त्या पाण्यासाठी. आपल्या तर दाराशी हाय. सकाळी गाडी गार असते, त्यात आयता गरम पानी. इंजिनला पन बरा वाटत असेल ना, मामा?"

त्याच्या इंजिनमध्ये पाण्याच्या वाटा होत्या, त्यांत त्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसला होता. पाणी खेळायला जागाच उरली नव्हती, म्हणून हेड तापून वाकायचं आणि गॅस्केट जायचं. मी त्याला तो थर दाखवला आणि म्हटलं, "तुझ्या इंजिनाला सांधेदुखी नव्हती. तू लावलीस." तो खजील झाला. पुढच्या खेपेला त्याने त्याच पाण्याचा एक कॅन माझ्या गुडघ्यांसाठी आणून दिला.

निळ्या धुराचा एक बुजुर्ग ड्रायव्हर होता, आझमगडकडचा. त्याच्या ट्रकमागे रस्ता निळा व्हायचा. इंजिन उघडूया म्हटलं की म्हणायचा, "पीने दो मिस्त्री. बुढ़ापे में कुछ तो शौक चाहिए." शेवटपर्यंत त्याने ते उघडू दिलं नाही. ऑईलचा डबा सीटखाली ठेवायचा आणि प्रत्येक थांब्यावर गाडीला पाजायचा.

आता काळा धूर. जोमाची गोष्ट त्यातली आहे.

दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवत असतील. वीज कधी येईल आणि कधी जाईल याच्यावर सगळ्या भिवंडीचा दिवस ठरायचा. लूम बंद पडले की बसून राहणं कोणालाच परवडत नव्हतं, म्हणून ज्याला जमेल त्याने जनरेटर बसवला. पण लूमच्या कारखान्यात जनरेटरची एक वेगळीच पीडा असते. तिथे हवेत कापसाचं तूस तरंगत असतं. माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात, भिंती केसाळ होतात. इंजिन तीच हवा ओढतं, आणि एअर फिल्टर बघता बघता गच्च होतो.

त्यावर मी एक उपाय काढला होता. फिल्टरच्या तोंडावर सुती कापडाचा तुकडा बांधायचा. तूस कापडावर अडकतं, आतला फिल्टर स्वच्छ राहतो, दर शिफ्टला तुकडा बदलायचा. कापड विकत आणायची गरज नाही, लूमवरून निघणाऱ्या कोऱ्या कापडाचा फाडायचा. साधी गोष्ट, पण ती चालली. एका कारखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. लोक त्याला 'मिस्त्री का फडका' म्हणायला लागले. मला त्याचा फार अभिमान होता. अनोळखी कारखान्यात गेलो आणि जनरेटरच्या तोंडाला फडकं बांधलेलं दिसलं की बरं वाटायचं.

वळच्या वाटेवर बाळाराम शेठचा कारखाना होता. शेठ आमच्याच भागातले. जमीन गोदामांना दिली आणि लूम टाकले. माणूस वाईट नव्हता, पण भाताच्या खळ्यावर राखण बसून मोठा झालेला. आपलं कोणीतरी नेतंय ही भीती त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. त्यांच्या जनरेटरवर जोमा होता. वळचाच माणूस, माझ्याहून थोडा मोठा, बोलायला कमी. त्याने इंजिन इतकं निगुतीने ठेवलेलं असायचं की वर्ष वर्ष मला तिकडे जावं लागत नसे. गावात कोणाकडे हळद असली की रात्रीच्या दिव्यांसाठी भाड्याचा जनरेटर यायचा, आणि तो चालवायला जोमाच लागायचा. लग्नाची गाणी म्हणणारी धवळारीण गायला बसली की जोमा जनरेटर लांब नेऊन ठेवायचा, तिचा आवाज दबू नये म्हणून. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एका पावसाळ्यात शेठचं बोलावणं आलं. जनरेटर काळा धूर टाकतोय, डिझेल जास्त जातंय. मी गेलो. इंजिन बंद करून ठेवलं होतं. आम्ही मिस्त्री लोक काळ्या धुराची तक्रार असली की पहिल्यांदा एअर फिल्टर बघतो. मीही तेच केलं. वरचं फडकं सोडलं, जोमाच्या हातात दिलं, फिल्टर काढून पाहिला, झटकला, लावला आणि इंजिन चालू केलं. लूमचा भार टाकला. धूर स्वच्छ. डिझेल फवारणारी नोझलं तपासली, पंप पाहिला, काही दोष नाही. चालतंय म्हणून सांगितलं आणि परत आलो.

आठवडाभराने पुन्हा बोलावणं. पुन्हा तेच. फडकं सोडलं, फिल्टर पाहिला, चालू केलं, धूर नाही. या वेळी शेठ स्वतः उभे होते. लूमवरची चार-पाच माणसंही दारात गोळा झाली होती.

जोमा म्हणाला, "मिस्त्री, तुमी आलाव का साफ चालतो. तुमी गेलाव का काला धूर सोडतो."

दारातून कोणीतरी ओरडलं, "मतलब धुआँ भी मिस्त्री से डरता है!"

"जोमाभाई, मिस्त्री का फोटो टाँग दो सायलेंसर पे!"

सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर शेठ शांतपणे म्हणाले, "ते र्‍हाऊ दे. मिस्त्री, पीप लवकर रिकामा होतो. डिझेल जातो कुठं?"

मी हात पुसत होतो. दोन खेपा फुकट गेल्या होत्या आणि माझ्या कामावर शंका घेतल्यासारखं मला वाटत होतं. मी म्हटलं, "शेठ, इंजिन ठणठणीत आहे. इंजिन पीत नाही. बाकीचं तुम्ही बघा."

एवढंच बोललो. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, या आधारावर मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सोडवत आलो. पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो ऐकला. जोमानेही ऐकला. मी सोडलेलं फडकं तो हातात धरून उभा होता, मी बाजूला झालो की परत बांधायला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शेठनी भाच्याला जनरेटरवर बसवला.

काही दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी त्या रस्त्याने जात होतो. कोणी बोलावलेलं नव्हतं, म्हणून कोणी इंजिन बंद करून ठेवलेलं नव्हतं. दुरूनच मला बाळाराम शेठच्या कारखान्याच्या मागे काळ्या धुराचा खांब दिसला. मी स्कूटर वळवली आणि थेट आत गेलो. इंजिन गुदमरत होतं, आवाज जड झाला होता. मी फिल्टरवरचं फडकं चालत्या इंजिनवरच ओढून काढलं. सायलेन्सरचा काळा लोट विरळ झाला, राखी झाला, दिसेनासा झाला. इंजिनने मोकळा श्वास घेतला.

माझ्या हातात ते फडकं होतं. दमट, घट्ट, ओल्या पापडासारखं. बोटाने दाबलं तरी त्यातून वारा जाईना.

लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, लावायच्या आधी सुताला खळ देतात, सूत तुटू नये म्हणून. कोरं कापड लूमवरून उतरतं तेव्हा ती खळ त्यात असते. कोरड्या हवेत ते फडकं बऱ्यापैकी काम करतं. पण पावसाळ्याच्या दमट हवेत खळ फुगते, वरून तूस बसतं आणि कापडाची छिद्रं बुजतात. इंजिनला हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळतं, त्याचा काळा धूर होतो. आणि भार तेवढाच ओढायचा म्हणून इंजिन आणखी डिझेल मागतं. शेठच्या पिपातलं डिझेल सायलेन्सरमधून आभाळात जात होतं. मी मात्र प्रत्येक वेळी आल्याबरोबर फडकं सोडत होतो, आणि मग धूर शोधत होतो. तुमी आलाव का साफ चालतो. जोमाने मला रोगाचं अचूक लक्षण सांगितलं होतं आणि मी सगळ्यांबरोबर हसलो होतो.

एक गोष्ट तरीही कळेना. फडकं बांधायला लागून कितीतरी पावसाळे गेले होते. दुसरीकडे पावसाळ्यात असा धूर दिसला की आम्ही तो डिझेलमधल्या भेसळीवर ढकलायचो, पण इथे तो आजवर का आला नाही? तिथल्या एका जुन्या विणकराला विचारलं.

"जोमा तो कपड़ा घर से धुलवा के लाता था," तो म्हणाला. "भाभी गरम पानी में सोडा डालके धोती थी. इस बार बेटी की डिलिवरी में गई है, तो जोमा सीधा लूम से फाड़ के बाँधता था. जैसा आप बोले थे."

जैसा आप बोले थे. इतके पावसाळे ते इंजिन जोमाच्या बायकोच्या, सोनाबाईच्या धुण्यावर चाललं होतं. कापड टाकून द्यायला जोमाला जिवावर यायचं, म्हणून तो ते घरी न्यायचा, आणि ती ते उकळत्या पाण्यात घालून त्यातली खळ काढायची. तिला इंजिन ठाऊक नव्हतं, मला धुणं ठाऊक नव्हतं. ती लेकीकडे गेली आणि जोमाने पहिल्यांदाच माझं तंतोतंत ऐकलं.

तेवढ्यात शेठ आले. "काय, मिस्त्री? सापडला का काय?"

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्या वाक्यात माझं फडकं होतं. साऱ्या भिवंडीत माझ्या नावाने बांधलं जाणारं फडकं. मी म्हणालो, "एक नोझल धरत होतं. मोकळं केलं."

"आणि डिझेल?"

"आता नाही जाणार जास्त."

शेठ मान हलवत म्हणाले, "कसा जाईल? तो गेला ना."

मी फडकं मुठीत चुरगाळलं आणि स्कूटरकडे वळलो.

त्यानंतर मी ज्या ज्या कारखान्यात गेलो तिथे सांगत सुटलो, फडकं आधी गरम पाण्यात धुवा, खळ काढा, मग बांधा. लोकांनी त्याचंही कौतुक केलं. म्हणाले, मिस्त्रीचं डोकं बघा, सुधारणा काढली. ती सुधारणा सोनाबाईची होती. बाळाराम शेठच्या कारखान्यात धुतलेलं फडकं लागलं, धूर थांबला, पीप पुरू लागलं, आणि जोमाच्या चोरीवर शिक्का बसला. त्याला काढलं आणि डिझेल वाचलं, याहून वेगळा पुरावा कोणाला हवा होता?

जोमाचं पुढे काय झालं ते मला कळत होतं. राहनाळ-वळच्या बाजूला तेव्हा गोदामांवर गोदामं उठत होती आणि गावातल्या धडधाकट माणसाला राखणीचं काम सहज मिळत होतं. जोमाला ते कोणी देईना. हळदीच्या जनरेटरलाही बोलवेनात. एकदा बोलावलं होतं म्हणे, पण यजमानाच्या पोराने डिझेलच्या कॅनवर पाय ठेवून रात्र काढली. जोमाने जनरेटर नीट चालवला आणि पुन्हा कोणाकडे गेला नाही. मग तो खाडीवर जायला लागला. निवट्या, खेकडे, मिळेल ते. सोनाबाई टोपली घेऊन बाजारात बसायची. एकदा मला बघून तिने हाक मारली, "मिस्त्रीभाव, चिंबोऱ्या घेऊन जा." मी घाईत आहे म्हणून सांगितलं. घाई कसलीच नव्हती.

शेठना सांगेन, आज सांगेन, उद्या सांगेन, असं करता करता शेठ गेले. त्यांच्या तेराव्याला गेलो तेव्हा कोणीतरी मला पुढे बसवलं आणि शेजाऱ्याला ओळख करून दिली, धूर बघून चोर पकडणारे ते हेच. त्यानंतर सांगायला उरलं होतं ते फक्त जोमाचं घर, आणि तिकडे जायला माझे पाय धजत नव्हते. अंकवाली मुलं येऊन गेल्यावर मात्र मी गेलो.

सकाळची वेळ होती. गल्ली जागी होती, बायका भांडी घासत होत्या, एका घरात टीव्ही चालू होता. जोमा ओट्यावर बसून जाळं नीट करत होता. वाळून गेलाय, पण बोटं तशीच चपळ. मी घरून ठरवून गेलो होतो, त्याला आत न्यायचं आणि हळू आवाजात, दोघांतच, सगळं सांगायचं.

"जोमादादा, ओळखलंस का?"

त्याने वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि तोंडभर हसला. "मिस्त्री! बस, बस." त्याचा आवाज इतका मोठा होता की मी दचकलो.

मी जवळ सरकून म्हटलं, "तुझ्याशी बोलायचंय जरा. आत बसू या?"

"क्काय?"

"आत. बोलायचंय."

त्याने दोन्ही कानांवर हात मारला. "नाय येत ऐकू! येवरी वर्सां इंजिनापाशी काढली, कान गेलं. आता निसता जनरेटर चालतो आत. बंद केला तरी बंद व्हत नाय!" आणि स्वतःच खदखदून हसला. "मोठ्यांदा बोल!"

मी थोड्या मोठ्याने म्हटलं. त्याने मान हलवली. आणखी मोठ्याने म्हटलं. तो कानामागे हात धरून वाट बघत राहिला. मी गल्लीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ओरडलो, "डिझेल! तू! चोरलं! नव्हतंस!"

भांड्यांचा आवाज थांबला. टीव्ही कोणीतरी बारीक केला.

जोमा माझ्याकडे बघत राहिला. "ता मना म्हायती हाय," तो म्हणाला. "मंग वरडतंस कशाला?"

समोरच्या ओट्यावरची म्हातारी उठून आली. दोन पोरगे मोबाईल खिशात घालून उभे राहिले. एक जण म्हणाला, "काय झाला, काका? कोनता डिझेल?" आता मागे फिरणं शक्य नव्हतं. सगळी गोष्ट मला ओरडूनच सांगावी लागली. फडकं, खळ, पावसाळा, शेठ, नोझल. एकेक वाक्य दोनदा, कधी तीनदा. मध्येच जोमा म्हणायचा, "हळू, हळू, कलला," आणि पुढच्या वाक्याला पुन्हा "क्काय?" करायचा. म्हातारी मधूनच बाकीच्यांना समजावत होती, "म्हंजे तो नोझलचा खोटा सांगितला, बरा का." माझा घसा बसला. जी गोष्ट मी इतकी वर्षं एका माणसाला सांगू शकलो नाही, ती अख्ख्या आळीला सांगून झाली होती.

शेवटी म्हटलं, "हे मी अंकात लिहिणार आहे! तुझ्या नावानिशी! चालेल?"

"लिव," जोमा म्हणाला. "पन जोमा लिव. जोम्या नको."

तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. सोनाबाई उंबऱ्यात उभी होती. हात ओले होते. कधीपासून ऐकत होती कोणास ठाऊक. ती म्हणाली, "म्हंजे मी लेकीकडं गेले, म्हून ह्ये झाला?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही होतात म्हणून इतकी वर्षं झालं नाही. चूक माझी होती, आधीही आणि नंतरही."

ती पदराने हात पुसत, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "लेकीकडून आले ना मी, तवा गावात जो तो ह्येच बोलत व्हता. एका राती मी पन यांना ईचारला, खरा सांगा, नेलाव का काय तुमी. ते उठून भायेर जाऊन बसलं. तवापासून माझ्या जिवाला लागून र्‍हायलंय."

"मग सांगा की त्याला आता."

"तुमच्यासारकी वरडू? आळीत?"

मी उठलो. पोरं पांगली. सोनाबाई ओट्यावर येऊन जोमाच्या शेजारी बसली, त्याच्या हातातलं जाळं बाजूला केलं आणि त्याच्या कानाला तोंड लावून बोलू लागली. मी चपला घालायला पलीकडे वळलो. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, म्हणून त्याचं उत्तर मी ऐकलं, आणि माझ्याबरोबर साऱ्या आळीने ऐकलं.

"त्याचा काय येवरा? तू निदान ईचारलास तरी," जोमा म्हणाला. "बाकी कोनी ईचारलाच नाय."